आई नागपूरहून, विमान सहारहून, लाडू न्यू जर्सीला : सामानाचं कसं करावं?

नौपाड्याची

नमस्कार मंडळी. धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. तिचं पहिलंच बाळंतपण आहे आणि आई तिच्याकडे निघाली आहे. आई नागपूरला दादाकडे असते. दादाने नागपूर ते नवी मुंबई असं एक तिकीट काढलंय. मग दोन रात्री माझ्याकडे ठाण्यात मुक्काम आणि त्यानंतर मुंबईच्या जुन्या विमानतळावरून, म्हणजे सहारच्या टी-टूवरून, मध्ये आखातात विमान बदलून, न्यूयॉर्क जेएफके. ही दोन तिकिटं वेगवेगळी आहेत.

परदेशाच्या तिकिटावर २३-२३ किलोच्या दोन बॅगा आणि हातात ७ किलो असं लिहिलंय. आईची यादी मात्र थांबायला तयार नाही. डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, खारीक-खोबरं, घरचं साजूक तूप, बाळंतशेपा, ओवा, गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, नाचणीसत्त्व, लिंबाचं लोणचं, झबली-टोपडी, आजीच्या नऊवारीची गोधडी. शिवाय तिथे ओटी भरायची म्हणून नारळ आणि तांदूळ.

प्रत्येक जण वेगळं सांगतोय. शेजारच्या काकू म्हणतात तूप चालतं, मावशी म्हणते लाडूसुद्धा काढून घेतात. आई एकटी जातेय, वय सत्तरच्या जवळ. तिला परक्या ठिकाणी सगळ्यांसमोर बॅग उपसायला लागू नये एवढंच मला बघायचंय. ज्यांना नक्की माहिती आहे त्यांनी कृपया सांगा.

घोडबंदर_रोड

ताई, पहिली गोष्ट. २३ अधिक २३ म्हणजे ४६ अशी बेरीज करू नका. एक बॅग २७ आणि दुसरी १९ भरली तर २७ वालीचे पैसे पडतात. प्रत्येक बॅग आपापली मोजली जाते. काटा घरी आणा, हुकवाला छोटा मिळतो. बॅग २२ ला थांबवा. घरच्या आणि काउंटरच्या काट्यात थोडा फरक येतोच.

ऐरोलीकर

मी बरीच वर्षं विमानतळावर ग्राउंड हँडलिंगमध्ये काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"चालतं" आणि "चालत नाही" हा गोंधळ होतो, कारण लोक तीन वेगळ्या दरवाजांबद्दल एकाच वेळी बोलत असतात. पहिला दरवाजा एअरलाइनचा. तिला वजन, आकार आणि बॅगांची संख्या यांच्याशी मतलब. दुसरा सुरक्षेचा. बीसीएएस म्हणजे नागरी विमान सुरक्षा ब्युरोचे नियम आणि तपासणीला उभे असलेले सीआयएसएफचे जवान. त्यांना विमानाला धोका काय एवढंच बघायचं असतं. तिसरा दरवाजा उतरल्यावरचा, त्या देशाच्या कस्टम्स आणि शेतीखात्याचा. त्यांना तुमच्या पिशवीतून कीड किंवा जनावरांचा रोग आत येऊ द्यायचा नसतो. काकूंचं तूप पहिल्या दोन दरवाजांतून गेलं असेल, मावशीच्या ओळखीतल्या कुणाचे लाडू तिसऱ्यावर अडले असतील. दोघी खरंच सांगतायत. म्हणून यादीतल्या प्रत्येक वस्तूला तीनदा प्रश्न विचारा.

आता तुमची यादी.

खोबरं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या कुठल्याही बॅगेत घालू नका, हातातल्या नाही आणि खाली जाणाऱ्याही नाही. त्यात तेल असतं, कोंडलेल्या जागेत ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानवाहतुकीच्या नियमांत ते धोकादायक मालात धरलेलं आहे. एक्स-रेवर वाटीचा गोल आकार लगेच दिसतो आणि बॅग बाजूला काढली जाते. प्रवासी आत निघून गेलेला असतो, मग त्याला परत बोलावणं, कुलूप उघडणं, हे सगळं होतं. आईंच्या बाबतीत तुम्हाला जे नकोय ते नेमकं इथेच घडू शकतं. तेच खोबरं किसून, भाजून लाडवात गेलं की तो प्रश्न उरत नाही. कापूरही नको, तो ज्वालाग्राही पदार्थांत येतो.

मसाले, भाजणी, मेतकूट, सत्त्व. हे सगळं चेक-इनमध्येच ठेवा. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत हातातल्या सामानात ३५० मिलीपेक्षा जास्त पावडर असेल तर जादा तपासणी होते आणि समाधान झालं नाही तर ती तिथेच ठेवावी लागते. २०१८ पासून हे आहे. भाजणीची पिशवी हातात घेऊन कुणी उगाच उभं राहू नये.

लोणचं आणि तूप. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या सामानात द्रव, जेल, पेस्ट या सगळ्याला १०० मिलीची बाटली आणि ते सगळं मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत, असा नियम आहे. लोणचं आणि तूप त्यातच मोजलं जातं. अर्धी रिकामी असली तरी २०० मिलीची बाटली चालत नाही, बाटलीवर लिहिलेलं माप बघतात. म्हणजे दोन्ही चेक-इनमध्ये. लोणच्याची बरणी काचेची नको. झाकणाखाली प्लास्टिकचा कागद, वरून टेप, मग दोन झिपच्या पिशव्या, आणि कपड्यांच्या मधोमध. गोधडीच्या बॅगेत मात्र लोणचं अजिबात ठेवू नका.

तुपाबद्दल माझं स्पष्ट मत आहे की नेऊ नये. एडिसन-इझेलिनच्या ओक ट्री रोडवर भारतीय दुकानांची रांग आहे, तिथे तूप, डाळी, ओवा, सगळं मिळतं. दुधाच्या पदार्थांवर अमेरिकेच्या तपासणीत प्रश्न येतात ते वेगळंच. दोन किलो तुपाच्या जागी दोन किलो भाजणी आणि लाडू न्या. जे तिकडे पैसे देऊनही मिळत नाही त्याला वजन द्या.

नौपाड्याची

ऐरोलीकर, मनापासून आभार. तीन दरवाजांचं आईला फोनवर सांगितलं, तिला लगेच कळलं. खोबऱ्याच्या वाट्या यादीतून गेल्या, किसून लाडवात जातील. तुपाचं अजून कबूल होत नाहीये.

ओटीच्या तांदळाचं आणि नारळाचं काय? आणि अळीव नुसते नेले तर?

ऐरोलीकर

तांदूळ नको, मूठभरसुद्धा. खापरा नावाचा धान्यातला भुंगेरा आहे, ज्या देशांत तो आढळतो तिथून प्रवाशांच्या सामानातून तांदूळ आणायला अमेरिकेने बंदी घातली आहे आणि त्यात भारत आहे. अळीव बी म्हणून नेलं की बियाण्याचे प्रश्न सुरू होतात, त्यापेक्षा लाडूच करून न्या. ताजा कढीपत्ताही नको. लिंबाच्या बागांवरचा रोग त्यातून जातो म्हणून तो तिकडे सरळ काढून घेतात.

नारळ आपल्याकडच्या सुरक्षा तपासणीत हातातल्या सामानात जाऊ देत नाहीत. शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला (डोक्यावरून नेतात त्या पूजेच्या गाठोड्यातला) नारळ केबिनमध्ये नेता यावा म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये खास सवलत द्यावी लागली होती, तीही जानेवारी २०२५ पर्यंतच. ओटीसाठी साडी, खण, बांगड्या इथून जाऊ द्या. नारळ-तांदूळ ओक ट्री रोडवर.

खारघर_हिल्स

कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ताई, तुमचा खरा घोटाळा न्यू जर्सीत नाही, नागपूरलाच आहे.

नागपूर-नवी मुंबईचं तिकीट वेगळं काढलंय म्हणजे त्यावर देशांतर्गत मर्यादा लागणार. बहुतेक भाड्यांत ती १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातात एवढीच असते. पुढच्या तिकिटावर ४६ किलो आहेत हे नागपूरच्या काउंटरला दाखवून उपयोग नाही. दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगवर, असते तर साधारणपणे परदेशाच्या प्रवासाची मर्यादा सगळीकडे लागू झाली असती. इथे तसं नाही. आई ४४ किलो घेऊन नागपूरला उभ्या राहिल्या तर २९ किलोचे जादा पैसे काउंटरवर मोजावे लागतील आणि तो दर ऑनलाइन आधी घेतलेल्यापेक्षा नेहमी चढा असतो.

दुसरं, तिकिटावर विमानतळाचा कोड नीट वाचा. नवी मुंबई एनएमआय, सहार बीओएम. २५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबईहून विमानं सुरू झाल्यापासून आमच्या सोसायटीत हा गोंधळ सर्रास चालू आहे. तुम्ही दोन रात्री मध्ये ठेवल्यात हे फार चांगलं केलंत. काही लोक सकाळी नवी मुंबईला उतरून दुपारी सहारहून परदेशाचं विमान धरायचं म्हणतात. बॅगा पट्ट्यावरून घ्यायच्या, उलव्याहून टॅक्सीने अंधेरीपर्यंत जायचं, तिथे पुन्हा रांगेत उभं राहायचं, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या एअरलाइनला त्याचं काही देणंघेणं नसतं. ज्येष्ठांना तर हे करायला लावूच नका.

नौपाड्याची

हे डोक्यातच आलं नव्हतं. दादालाही नाही. आता काय करावं?

खारघर_हिल्स

सोपं आहे. दादांना किंवा आणखी कुणाला आधी विदर्भ एक्सप्रेसने येऊ द्या. रेल्वेत थर्ड एसीला माणशी ४० किलो सामान फुकट चालतं, सेकंड एसीला ५०. भाजणी, मसाले, गोधडी रेल्वेने. आई विमानाने, फक्त आपले कपडे आणि औषधं घेऊन. लाडू ठाण्यात तुमच्याकडे वळा, दोन दिवस आहेतच. ताजेही जातील.

वाशी_सेक्टर_नऊ

+१. लाडू इथेच करा. आमच्या बाजारात डिंक, खारीक, सगळं घाऊक मिळतं.

माझी जाऊबाई विचारतेय, हापूसची एखादी पेटी नेता येईल का?

ऐरोलीकर

अमेरिकेला नाही. भारतातला आंबा तिकडे २००७ पासून जातो, पण विकिरण करून, व्यापारी मालातून. ते करणारं पणन मंडळाचं केंद्र तुमच्या वाशीतच आहे, अमेरिकेचे निरीक्षक हंगामात तिथे येऊन बसतात. प्रवाशाच्या बॅगेतल्या आंब्याला ती प्रक्रिया झालेली नसते, म्हणून तो काढून घेतात. आटवलेला रस डबाबंद मिळतो तो न्या, चेक-इनमध्ये.

सारसोळे_जेट्टी

आमच्याकडे सोडे, सुकट आणि बोंबलाशिवाय कुणी परदेशी जात नाही. ते अडवतात का? मुलगा बोस्टनला आहे.

ऐरोलीकर

मासळीला अमेरिकेत स्वतःच्या खाण्यापुरती परवानगी असते, बंदी मांसाला आहे. मटण-चिकनचं काहीही नको, चिकन मसाल्याची पुडी असलेले नूडल्ससुद्धा नकोत. सुकी मासळी नेताना प्रश्न वासाचा येतो. वास बाहेर आला तर एअरलाइन माल नाकारू शकते, तेवढा अधिकार तिला आहे. व्हॅक्यूम पॅक करून घ्या, त्यावर आणखी एक घट्ट डबा. आणि डिक्लेअर करा.

डिक्लेअर या शब्दाला लोक घाबरतात, म्हणून जरा थांबून सांगतो. अमेरिकेत खाण्याचं सामान आहे असं स्वतःहून सांगितलं आणि त्यातलं काही चालत नसेल तर ते काढून घेतात, बस. दंड नाही. सांगितलं नाही आणि सापडलं, तर पहिल्या खेपेलाही दंड साधारण ३०० डॉलरपासून. न्यूझीलंडला तर जागेवर ४०० डॉलर, तिकडचे. "काय होतंय, कोण बघतंय" हा सल्ला देणारे नातेवाईक दंड भरायला येत नाहीत. एकट्या जाणाऱ्या ज्येष्ठ माणसाच्या गळ्यात असं काही बांधू नये, हे मी अगदी कळकळीने लिहितोय.

पामबीच_सकाळ

दुबई, अबू धाबी, सौदी, सिंगापूरला जाणाऱ्यांसाठी : खसखस अजिबात नेऊ नका. आपल्याकडे अनारशावर लावतो तीच. तिकडे ती अंमली पदार्थांच्या कायद्यात येते आणि तिथे साधा दंड होऊन सुटका होत नाही. ताई, तुमच्या आईंचं विमान आखातात बदलतंय म्हणून मुद्दाम लिहिलं. डिंकाच्या लाडवात खसखस घालायची पद्धत असेल तर या खेपेला वगळा.

नौपाड्याची

घालतो आम्ही! बरं झालं लिहिलंत. लगेच आईला फोन करते.

कोलशेत_खाडी

बॅग हरवली किंवा उशिरा आली तर काय, याबद्दल कुणी बोललं नाही. आमच्यावर वेळ आली होती म्हणून लिहिते. एअरलाइनचं नाव देत नाही. मुलाच्या लग्नासाठी आलेल्या दिरांची बॅग पट्ट्यावर आलीच नाही. काउंटरवरच्या मुलीने "घरी जा, आम्ही फोन करू" असं सांगितलं. दीर निघालेही होते. मी त्यांना थांबवलं आणि पीआयआर केल्याशिवाय हलायचं नाही म्हटलं. पीआयआर म्हणजे सामानाच्या गडबडीची नोंद, त्यावर एक संदर्भ क्रमांक मिळतो. तो क्रमांक नसला की पुढे बॅग हरवली हेच सिद्ध करायची वेळ येते.

त्यांच्या बोर्डिंग पासच्या मागे बॅगेच्या टॅगचा बारका स्टिकर चिकटवलेला होता. त्यावर दहा आकडी नंबर असतो. त्या नंबरावरूनच बॅग शेवटची कुठे स्कॅन झाली ते कळलं. ती मधल्या विमानतळावरच राहिली होती. हा स्टिकर लोक बोर्डिंग पाससोबत विमानातच टाकून येतात. कृपया घरी पोचेपर्यंत जपा, आणि काउंटरवर टॅग लावताना त्यावरचा शेवटचा तीन अक्षरी कोड आपल्या मुक्कामाचाच आहे ना, ते तिथेच वाचा.

कायदा असा आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासाला माँट्रियल करार लागू होतो, भारत त्यात २००९ पासून आहे. बॅग फुटली-तुटली तर मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार. उशिरा आली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत. २१ दिवसांत आलीच नाही तर हरवली असं धरता येतं. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे पावणेदोन लाख रुपयांच्या पुढेमागे. ही कमाल आहे, सगळ्यांना तेवढे मिळत नाहीत. काय होतं आणि केवढ्याचं होतं ते दाखवावं लागतं. म्हणून बॅग बंद करण्याआधी उघड्या बॅगेचा आणि बाहेरून बॅगेचा असे फोटो काढा. देशांतर्गत प्रवासात मर्यादा २०,००० रुपयेच आहे. दागिने, रोकड, कागदपत्रं चेक-इनमध्ये घालायचीच नाहीत.

बॅग येईपर्यंत घ्यावे लागलेले कपडे, टूथब्रश वगैरेंच्या पावत्या आम्ही ठेवल्या आणि ते पैसे मिळाले, पण लेखी पाठपुरावा केल्यावर. एअरलाइन दाद देत नसेल तर एअरसेवा पोर्टलवर तक्रार करा. तिथेही नाही झालं तर ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे कंपनीचं ऑफिस दिल्लीला असलं तरी आपल्याला ठाण्यातच दाखल करता येते. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. एअरलाइनवर दावा लावायची मुदत दोन वर्षं.

घोडबंदर_रोड

ताई, ही पोस्ट मी छापून ठेवतोय.

पॉवर बँकेचं राहिलं. ती चेक-इनमध्ये कधीच नाही, हातातच. १०० वॅट-अवरपर्यंत बिनदिक्कत, १०० ते १६० पर्यंत एअरलाइनची परवानगी, त्यावर नाही. पॉवर बँकेवर एमएएच लिहिलेलं असतं. त्याला ३.७ ने गुणा आणि १००० ने भागा. २०,००० वाली ७४ भरते, चालते. ३०,००० वाली १११, म्हणजे विचारावं लागणार. आकडा पुसलेला असेल तर काढून घेऊ शकतात. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात एका विमानाला उभ्या जागी आग लागली, त्यानंतर सगळे कडक झालेत. बऱ्याच एअरलाइन्सनी विमानात पॉवर बँक वापरायलाही मनाई केलीय. आईंना सांगा, फोन आधीच भरून घ्यायचा.

नौपाड्याची

आईला बीपी आणि साखर दोन्ही आहे, इन्सुलिन घेते. आणि व्हीलचेअर मागावी का? ती नको म्हणतेय, मला चालता येतं म्हणते.

ऐरोलीकर

इन्सुलिन हातातच. १०० मिलीचा नियम औषधांना लागत नाही, पण डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवी, औषधाच्या मूळ नावासकट. गोळ्या मूळ पाकिटात, डब्यात काढून नाहीत. सगळ्या मुक्कामाची औषधं हातात ठेवा, चेक-इनमध्ये एकही नको.

व्हीलचेअर मागा. किमान ४८ तास आधी एअरलाइनला कळवा, पैसे लागत नाहीत. चालता येतं हे खरं असेल, पण मोठ्या विमानतळावर एका गेटवरून दुसऱ्यापर्यंत किती चालावं लागतं याचा घरबसल्या अंदाज येत नाही. शिवाय सोबत माणूस असतो, तो रांगा, फॉर्म, दिशा सगळं बघतो. एकटीने, भाषेची अडचण असताना, याचा आधार फार मोठा.

एक विचारतो, आखातात नेमकं कुठे विमान बदलतंय?

नौपाड्याची

अबू धाबी.

ऐरोलीकर

मग तिसरा दरवाजा न्यूयॉर्कला नाही, अबू धाबीलाच आहे. तिथे अमेरिकेचेच अधिकारी बसतात. अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स दोन्ही तिथेच पार पडतं आणि जेएफकेला आई देशांतर्गत प्रवाशासारख्या थेट बॅगांच्या पट्ट्याकडे जातात. म्हणजे खाण्याच्या सामानाबद्दलचे प्रश्न अबू धाबीला विचारले जाणार. दोन विमानांमधला वेळ किती ठेवलाय ते बघा. दीडेक तासच असेल तर एअरलाइनला फोन करून मुंबईहून आधीचं विमान मिळतं का विचारा, तपासणीची ही रांग लांबू शकते.

आणि एका कागदावर इंग्रजीत मोठ्या अक्षरात लिहून द्या : घरी केलेली मिठाई, मसाले, भाजलेली पिठं, लोणचं, लहान बाळाचे कपडे, मांस नाही, फळं नाहीत, बिया नाहीत. खाली बहिणीचं नाव, पत्ता, फोन. अधिकाऱ्याने "फूड?" विचारलं की "येस" म्हणायचं आणि तो कागद पुढे करायचा. हाच कागद बॅगेतही वरच ठेवा. बॅगेला कुलूप लावायचंच असेल तर टीएसएचं, म्हणजे अमेरिकेच्या सुरक्षा तपासनीसांना त्यांच्या किल्लीने उघडता येतं ते लावा, नाहीतर अमेरिकेत बॅग उघडायची वेळ आली तर कुलूप तोडतात.

नौपाड्याची

मध्ये तीन तास दहा मिनिटं आहेत. कागद आजच टाइप करते. तुपाचंही ठरलं, बहीण ओक ट्री रोडवरून घेऊन ठेवणार आहे. दादा शुक्रवारच्या विदर्भने भाजणी आणि गोधडी घेऊन येतोय.